आमच्या विहिरीचें पाणी आणि पुतणीचें शास्त्र

गेल्या ज्येष्ठांत, मृगाचा पाऊस अजून यावयाचा होता त्या दिवसांत, आमच्या आगाशीच्या घरीं विहिरीच्या पाण्यावरून एक वाद उपस्थित झाला. वाद तसा लहान; परंतु ज्या घरांत तीन पिढ्या एका पंक्तीस बसतात तेथें लहान वाद मोठा होण्यास फारसा वेळ लागत नाहीं, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. आमच्या मातोश्रींस गेलीं सहा वर्षें रक्तदाबाचा विकार आहे. थोरल्या वहिनींस तो चार वर्षांपूर्वीं जडला, आणि यंदा आमच्या कुटुंबासही डॉक्टरांनीं रोज सकाळीं एक गोळी घ्यावयास सांगितली. एका घरांतील तीन बायका, तिघींस एकच विकार, आणि तिघीही या घरांत आल्या दिवसापासून एकाच विहिरीचें पाणी पीत आलेल्या. तें पाणी गेल्या तीस वर्षांत हळूहळू मचूळ होत गेलें आहे. तेव्हां आमच्या वडील बंधूंनीं एका संध्याकाळीं ओटीवर बसून निकाल देऊन टाकला कीं, हा सगळा त्या खाऱ्या पाण्याचा प्रताप आहे. आम्हीं मान डोलाविली. डॉक्टरही हंसून "असूं शकेल" म्हणाले होते; मग आणखी पुरावा तो कोणता हवा?

"पण बाबा, हें तुम्ही ठरविलें कशावरून?" असा प्रश्न माजघरांतून आला.

विचारणारी आमची पुतणी, म्हणजे बंधूंचीच कन्या. ती मुंबईंतील एका संस्थेंत सार्वजनिक आरोग्य या विषयाच्या स्नातकोत्तर वर्गांत दुसऱ्या वर्षास आहे, आणि त्यांतही हवा, पाणी, माती, उष्मा यांचा लोकांच्या प्रकृतीवर काय परिणाम होतो हा भाग तिनें विशेष अभ्यासासाठीं घेतला आहे. अशा मुलीनें तर बापाचें म्हणणें उचलून धरावयाचें. पण तिनें तें धरलें नाहीं, याचें सर्वांस नवल वाटलें, आणि खरें सांगावयाचें तर थोडा रागही आला. दोन वर्षें विरारच्या लोकलमध्यें उभी राहून जी विद्या हिनें मिळविली, ती घरच्या विहिरीबद्दल एवढेंही सांगूं शकत नसेल, तर तिचा उपयोग काय, असें बंधू त्या दिवशीं बोलून गेले.

हा प्रश्न आमच्या घरांत नवा नव्हता. प्राणिशास्त्रांत बी.एस्सी. झाल्यावर तिनें या वर्गाचा अर्ज भरला तेव्हां मातोश्रींनीं विचारलें होतें कीं, ही डॉक्टर होणार नाहीं, परिचारिका होणार नाहीं, मग ही मुलगी करणार तरी काय? आम्हींही त्या वेळीं मातोश्रींच्या बाजूनेंच बोललों होतों, हें कबूल करणें प्राप्त आहे.

या शास्त्रास इंग्रजींत एन्व्हायर्न्मेंटल एपिडेमिऑलॉजी असें लांबलचक नांव आहे. मराठींत कोणी त्यास पर्यावरणीय साथरोगशास्त्र म्हणतात. हें भाषांतर आम्हांस फारसें मान्य नाहीं. रक्तदाबाची, दम्याची किंवा कर्करोगाची कांहीं साथ येत नसते, आणि या शास्त्राचें निम्में काम तर असल्याच रोगांशीं. कोणत्या लोकांस रोग अधिक होतो, कोठें होतो, केव्हां होतो, आणि ज्यांस तो होत नाहीं त्यांचें राहणें कोणत्या बाबतींत निराळें आहे, हें मोजून पाहणें हा त्याचा मुख्य व्यवसाय. यांतील शेवटचा भाग महत्त्वाचा. आपण सर्वजण आजाऱ्याकडे पाहतों. ही मंडळी जो आजारी पडला नाहीं त्याच्याही दारांत जाऊन उभी राहते.

१८५४ सालीं लंडनच्या सोहो भागांत पटकीचा कहर झाला, तेव्हां जॉन स्नो या डॉक्टरानें ब्रॉड स्ट्रीटवरील पाण्याच्या पंपाकडे बोट दाखविलें, ही गोष्ट अशा वर्गांत आरंभींच शिकवितात. ती सांगतांना सर्वजण मेलेल्यांची संख्या सांगतात. पुतणीस त्यांतला दुसराच भाग आवडतो: पंपाच्या अगदीं जवळ एक बीअरचा कारखाना होता, आणि तेथील कामगारांपैकीं पटकीनें कोणी मेलें नाहीं, कारण त्यांस प्यावयास बीअर मिळे आणि कारखान्याची विहीरही स्वतंत्र होती.

परंतु विहिरींची गोष्ट ऐकण्यास लंडनास जाण्याचें कारण नाहीं. १९११ सालीं बेंटली या अधिकाऱ्याचा मुंबईंतील हिंवतापाविषयींचा अहवाल प्रसिद्ध झाला. दलदलीच्या जागीं हिंवताप असतो ही त्या वेळची समजूत. बेंटली यांस हिंवतापाचा डांस सांपडला तो कोटांतल्या चांगल्या चांगल्या घरांच्या अंगणांतील विहिरींत. विहिरी बुजवा किंवा झांका म्हणतांच मोठा गहजब उडाला. पारशी, जैन, हिंदु, सर्वांचाच विहिरीशीं धर्माचा संबंध. ज्या विहिरीवर दिवा लावावयाचा ती विहीर सरकारनें कशी बुजवावी? शेवटीं पुष्कळ ठिकाणीं विहिरींवर घट्ट झांकणें आणि जाळ्या बसल्या. आमच्या विहिरीवरही आजोबांच्या वेळची जाळी होती. ती कशासाठीं, हें पुतणीनें सांगेपर्यंत आम्हांस ठाऊक नव्हतें. आम्ही समजत होतों कीं, पानें पडूं नयेत म्हणून.

त्यानंतर १९७० च्या दशकांत परळच्या केईएम रुग्णालयांतील डॉ. एस. आर. कामत व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मुंबईच्या हवेची अशीच झडती घेतली. गिरण्यांचें लालबाग, कारखान्यांचें चेंबूर आणि त्या मानानें स्वच्छ हवेचें खार अशा तीन वस्त्या, आणि तुलनेसाठीं एक ग्रामीण वस्ती, अशी त्यांची मांडणी होती. चार हजारांवर माणसांस विचारून, तपासून, पुढें कांहीं वर्षें त्यांचा मागोवा घेऊन त्यांनीं धुरकट वस्त्यांतील खोकला, दम आणि फुप्फुसांचें बळ यांचा हिशेब मांडला. मुंबईची हवा वाईट आहे हें कोणालाही नाक असलें म्हणजे कळतें. ती किती माणसांचें किती बिघडवते, हें कळण्यास त्यांस वर्षें खर्चावीं लागलीं.

आतां आमच्या विहिरीकडे येऊं. वसईचा किनारा म्हणजे केळीच्या वाड्या, पानवेली, फुलें, भाजी आणि उन्हांत वाळविलेलीं सुकेळीं, हें बाहेरच्या वाचकांसही माहीत असेल. हें सारें गोड्या पाण्यावर उभें होतें. पावसाचें पाणी बावखलांत सांठावें, तेथून वाळूंत मुरावें आणि विहिरीवरच्या रहाटानें थोडथोडें वर यावें, अशी जुनी रीत. समुद्र हांकेच्या अंतरावर असतांना विहिरीस गोडें पाणी कसें लागतें, याचा उलगडा गायबेन आणि हर्झबर्ग या दोन युरोपीय गृहस्थांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभीं स्वतंत्रपणें केला. गोडें पाणी खाऱ्याहून हलकें असल्यामुळें जमिनीखालीं तें खाऱ्या पाण्यावर तरंगतें, आणि समुद्रसपाटीच्या वर जर एक फूट गोडें पाणी असेल तर खालीं तें सुमारें चाळीस फूट खोल असतें. याचा व्यत्यास भयंकर आहे. वरची पातळी एक फूट उतरली, तर खालून खारें पाणी चाळीस फूट वर येण्याचा संभव. रहाटानें ती पातळी कधीं फारशी उतरली नाहीं. ती उतरली विजेच्या पंपानें.

१९८० च्या दशकापासून मुंबईची वस्ती लोकलच्या रुळांवरून वसई, नालासोपारा आणि विरार येथें उतरूं लागली. इमारती आधीं झाल्या, नळ मागून आले. मधल्या काळांत त्या इमारतींची तहान पश्चिम पट्ट्यांतील विहिरींनीं टँकरवाटे भागविली. कित्येक वाडीवाल्यांस केळीपेक्षां पाणी विकणें किफायतशीर वाटलें, आणि त्यांस आम्ही सर्वस्वीं दोष देत नाहीं. मुलांच्या फिया केळीवर भागत नव्हत्या. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकारानें हरित वसईची जी चळवळ उभी राहिली, तिच्या तक्रारींत हा पाण्याचा उपसा ठळक होता. आमच्या आळींतील बायकांनीं कोणत्याही चळवळीच्या आधीं ही गोष्ट ओळखली होती. तूरडाळ शिजेना, साबणास फेंस येईना, आणि तांब्याच्या हंड्यांत पांढरा थर बसूं लागला. २००९ सालीं वसई-विरार महानगरपालिका झाली. २०११ च्या गणतींत शहराची वस्ती बारा लाखांवर भरली. उसगांव, पेल्हार आणि सूर्या यांचें पाणी नळानें येतें. आमच्याकडेही तें आलें, परंतु तें कांहीं वेळ येतें, आणि विहीर दारांतच आहे. शिवाय मातोश्रींस नळाच्या पाण्यास वास येतो.

म्हणून बंधूंचें अनुमान वेडगळ नव्हतें, हें प्रथम सांगितलें पाहिजे. पुतणीनेंही तसें म्हटलें नाहीं. तिनें दुसऱ्या दिवशीं विहिरीचें पाणी तपासावयास दिलें. क्षार म्हणजे क्लोराइड लिटरमागें ६०० मिलिग्रॅम निघालें. आपल्या भारतीय मानकाप्रमाणें पिण्याच्या पाण्यांत तें २५० पर्यंत असावें. दुसरा मार्गच नसेल तर १००० पर्यंत चालवून घेतात. मग तिनें आम्हांस पाटीवर हिशेब करून दाखविला. तें सर्व क्लोराइड साध्या मिठाचेंच आहे असें धरलें, तर एका लिटरांत सुमारें एक ग्रॅम मीठ पडतें. दिवसास अडीच लिटर पाणी पिणाराच्या पोटांत अडीच ग्रॅम गेलें. जागतिक आरोग्य संघटना दिवसाच्या साऱ्या आहारांत मिळून पांच ग्रॅमांहून कमी मीठ खा म्हणते. म्हणजे निम्मा वांटा विहिरीनेंच उचलला.

"झालें तर!" बंधू म्हणाले.

"थांबा बाबा," ती म्हणाली, आणि तिनें आईस विचारलें कीं, महिन्यास घरांत मीठ किती लागतें. वहिनींनीं सांगितलें, चार किलो. लोणचीं घालण्याचें वेगळें. घरांत माणसें बारा. चार हजार ग्रॅमांस बारांनीं आणि मग तिसांनीं भागलें तेव्हां दर माणशीं रोज अकरा ग्रॅम उत्तर आलें. त्यांतलें कांहीं भाज्या धुतांना व भांड्यांबरोबर वाया जात असेल, हें तिनें आपण होऊन मान्य केलें. तरीही आरोपी म्हणून विहिरीकडे बोट दाखविणाऱ्या आम्हां सर्वांच्या मागें स्वयंपाकघर उभें होतें. त्या रात्रीं पानावर पापड वाढतांना कोणी कांहीं बोललें नाहीं.

ज्याला या शास्त्रांत तिसरें कारण म्हणतां येईल, तें असें मधेंच उभें राहतें. खारें पाणी पिणारे लोक आणि रक्तदाब यांचा संबंध दिसला तरी दोहोंच्या पाठीमागें एकादी तिसरीच गोष्ट असूं शकते. जुन्या विहिरीचें पाणी सोडीत नाहींत तीं बहुधा वयस्क माणसें. वय वाढलें कीं रक्तदाब वाढतो. मग दोष पाण्याचा कीं वयाचा? आनुवंशिकतेचा म्हणावा, तर सासू आणि दोन सुना यांचें रक्ताचें नातें कोठें आहे? शिवाय पन्नाशी-साठीच्या पुढें हा विकार इतका सर्रास आढळतो कीं, ज्या घरीं मचूळ विहीर नाहीं तेथेंही तिघी बायकांस तो असणें अशक्य नाहीं. तीन माणसांवरून निकाल देतां येत नाहीं, हें तिचें म्हणणें आम्हांस येथवर पटत आलें. पण तिनें आणखी एक प्रश्न विचारला, आणि त्यानें सर्वांची बोलतीच बंद झाली. "बाबा आणि काका, तुम्ही दोघे काय निराळ्या विहिरीचें पितां? तुम्हांला कसा नाहीं रक्तदाब?"

आम्हीं सांगितलें कीं, आमची प्रकृति मूळचीच चांगली.

"शेवटचा मोजला केव्हां?"

आम्हीं तो एकदां, विम्याच्या वेळीं, मोजविला होता. बंधूंनीं कधींच नाहीं. बायकांस कांहीं ना कांहीं निमित्तानें दवाखान्यांत जावें लागलें म्हणून त्यांचा सांपडला. जो मोजला जातो तोच आढळतो, आणि मग वाटतें कीं, तो फक्त तेथेंच आहे. अशा फसगतीवर म्हणे त्यांच्या वर्गांत कित्येक तास खर्च होतात. तिनें आपलें यंत्र काढलें, बंधूंस पांच मिनिटें स्वस्थ बसविलें, दोन वेळां मोजलें. १६० वर ९८. दुसऱ्या आठवड्यांत डॉक्टरांनीं तोच आंकडा काढला. आमचा ठीक निघाला. परंतु त्याचा आनंद मानण्यासारखी ती वेळ नव्हती.

खारें पाणी आणि रक्तदाब यांविषयीं जगांत कोठें मोजमाप झालें आहे काय, असें आम्हीं विचारलें. झालें आहे, आणि आपल्यासारख्याच किनाऱ्यावर. बांगलादेशांत खुलना जिल्ह्यांतील डाकोप या भागांत विहिरी व तळीं समुद्राच्या पाण्यानें खारावलीं आहेत. तेथील गर्भवती स्त्रियांवर आनीरे खान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं केलेलें संशोधन २०११ सालीं प्रसिद्ध झालें. पाऊस नसलेल्या महिन्यांत, म्हणजे पाणी अधिक खारट होतें तेव्हां, गर्भारपणांतील रक्तदाबाचा विकार त्यांस अधिक आढळला. हें ऐकून बंधूंस पुन्हां उमेद आली. पण पुतणीनें लगेच दुसरा लेख पुढें ठेवला. अबू मोहम्मद नासेर आदींनीं २०१९ सालीं त्याच देशाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर पाहिलें तों बेताचें मचूळ पाणी पिणाऱ्यांचा रक्तदाब गोडें पाणी पिणाऱ्यांहून किंचित् कमीच भरला. सोडियम रक्तदाब वाढवीत होतें हें खरें; पण त्याच पाण्यांत कॅल्शियम आणि मॅग्नेशियमही होतें, आणि तें उलट बाजूनें ओढीत असावें असा त्यांचा तर्क. वहिनींची डाळ शिजूं न देणारें जें द्रव्य तेंच हें! त्या म्हणाल्या, "म्हणजे मला जें पाणी छळतें तें माझें भलेंही करीत असेल?" पुतणी म्हणाली, "असेल. आपल्या पाण्यांत तें किती आहे हें अजून मोजायचें आहे."

असल्या उत्तरानें चिडावयास होतें, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण स्नातकोत्तर शिक्षण म्हणून ही मुलें जें शिकतात त्यांतील बराचसा भाग असें उत्तर देण्याचें धैर्य हाच आहे, असें आतां आम्हांस वाटूं लागलें आहे. पहिल्या वर्षीं संख्याशास्त्र असतें, आणि जीवशास्त्राकडून आलेलीं मुलें तेथें पुष्कळ रडतात, आमची रडली. मग अभ्यासाची मांडणी कशी करावी हें येतें: आजारी व निरोगी अशा दोन गटांचा पूर्वेतिहास घ्यावा, कीं निरोगी माणसें घेऊन वर्षानुवर्षें त्यांच्या मागें राहावें? दुसरी रीत अधिक विश्वसनीय, पण माणसें घरें बदलतात. भोपाळांत १९८४ च्या वायुकांडानंतर ऐंशी हजारांवर माणसांची नोंद करून त्यांचा माग ठेवण्याचें काम भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनें हातीं घेतलें, आणि वर्षें जात चाललीं तशीं त्यांतील किती तरी माणसें नोंदींतून निसटत गेलीं. भाड्याच्या खोल्यांच्या नालासोपाऱ्यांत तर हें काम किती कठीण होईल याची कल्पनाच केलेली बरी. याखेरीज विषविद्या आहे, नकाशांवर रोग मांडणें आहे, आणि माणसाच्या अंगांत अमुक द्रव्य किती गेलें हें ठरविण्याची फार किचकट विद्या आहे. चुलीच्या धुराचेंच घ्या. १९८० नंतर कर्क स्मिथ व त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनीं गुजरातच्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर यंत्रें लावून धूर मोजला, तेव्हां जगाला कळलें कीं, सर्वांत वाईट हवा कारखान्यांत नसून स्वयंपाकघरांत आहे. मग गॅस दिला कीं बाळें गुटगुटीत होतील, असें सर्वांस वाटलें. चार देशांत, त्यांत आपलें तामिळनाडूही होतें, सुमारें ३२०० गर्भवतींवर रीतसर प्रयोग झाला. गॅस मिळालेल्यांच्या घरांतला धूर पुष्कळ घटला. पण २०२२ सालीं निकाल प्रसिद्ध झाला त्यांत बाळांच्या जन्माच्या वजनांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. इतकीं वर्षें खपून असें उत्तर छापावयाचें म्हणजे छाती पाहिजे. म्हणून गॅस नको असें कोणी समजूं नये; धुराचे इतर दोष आहेतच.

हें शिक्षण आपल्याकडे कोठें मिळतें, असें विचारणारे पालक असतील. मुंबईंत देवनारच्या बाजूस टाटा समाजविज्ञान संस्था आणि आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहेत. तिरुवनंतपुरमास श्रीचित्रा संस्थेचें अच्युत मेनन केंद्र, आणि चेन्नईस राष्ट्रीय साथरोगविज्ञान संस्था व श्रीरामचंद्र संस्था आहेत. वैद्यकाची पदवी सर्वत्र आवश्यक नसते. पुढें काय, तर सरकारी रोगसर्वेक्षणांत जिल्ह्यास असा अभ्यासक लागतो, संशोधन संस्थांस लागतो. पगार डॉक्टराचा नाहीं, हें आधींच सांगून ठेवतों.

तिच्या प्रबंधासाठीं तिनें आमच्याच पट्टीवरील घरें निवडलीं: कांहीं विहिरीचें पाणी पिणारीं, कांहीं नळाचें. आरंभीं एका खासगी प्रयोगशाळेनें बाटल्यांच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल केली. नळाचें पाणी विहिरीहून खारट आलें म्हणून ती चूक लक्षांत आली, आणि सगळे नमुने पुन्हां भरावे लागले. पण आम्हांस सांगावयाची गोष्ट निराळी आहे.

आम्ही तिच्याबरोबर एका परिचित वाड्यांत गेलों होतों. घरचे कर्ते आमचे जुने स्नेही. त्यांनीं मोठ्या अगत्यानें सांगितलें कीं, "आमच्या घरांतल्या सगळ्यांची परवानगी मी देतों. लिहा." पुतणीनें नम्रपणें सांगितलें कीं, नियम तसा नाहीं, प्रत्येक वयांत आलेल्या माणसास त्याच्या भाषेंत समजावून त्याची स्वतःची संमति घ्यावी लागते, आणि ती दुसऱ्यांच्या देखत नव्हे. स्वतःच्या आजीचा रक्तदाब प्रबंधांत घालावयाचा तरी नीतिसमितीची मान्यता लागते, हें आम्हीं घरीं ऐकलें होतें आणि हंसलोंही होतों. येथें हंसूं आलें नाहीं. स्नेह्यांचा चेहरा उतरला. आमचाही उतरला असावा. ज्या घरांत चाळीस वर्षें आम्ही न विचारतां ओटीवर जाऊन बसतों, तेथें आमच्या पोरीनें कर्त्या पुरुषाचा शब्द पुरेसा नाहीं असें म्हणावें? तरी त्यांनीं तिला आंत जाऊं दिलें. त्यांच्या धाकट्या सुनेनें नकार दिला. कां, हें तिनें सांगितलें नाहीं. पुतणीनें विचारलें नाहीं. तिचें नांव गाळून तिनें पुढल्या घराचा रस्ता धरला.

परत येतांना आम्हीं रागावून म्हटलें कीं, एक शब्द टाकला असता तर ती मुलगी तयार झाली असती. "हो काका," ती म्हणाली, "म्हणूनच टाकायचा नसतो." घरीं येईपर्यंत आम्ही त्यावर कांहीं बोललों नाहीं. कर्त्याच्या शब्दाखालीं घेतलेली संमति ही संमति नव्हे, हें पटण्यास आम्हांस पुढें पुष्कळ दिवस लागले, आणि अजूनही तें सर्वस्वीं पचलें आहे असें म्हणवत नाहीं. त्या स्नेह्यांकडचें जाणेंयेणें मात्र पूर्ववत् आहे.

राहिला बंधूंचा मूळ प्रश्न. त्यांनीं तो श्रावणांत पुन्हां काढला. "तुमचें शास्त्र ठरवीपर्यंत आम्हीं खारेंच पाणी प्यायचें कीं काय?" हा प्रश्न रास्त होता, आणि या शास्त्रांतील थोरांनींही तो स्वतःस विचारला आहे. ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या संख्याशास्त्रज्ञानें १९६५ सालीं लंडनांत एक व्याख्यान दिलें. परिस्थिति आणि रोग यांचा नुसता संबंध आहे कीं कार्यकारणभाव, हें तपासण्याच्या नऊ बाजू त्यांत त्यानें सांगितल्या. तें व्याख्यान या विद्यार्थ्यांस जवळजवळ पाठ असतें. परंतु त्याच्या अखेरीस हिलनें असेंही बजावलें आहे कीं, ज्ञान नेहमींच अपुरें असतें, आणि तें अपुरें आहे म्हणून हातचें ज्ञान बाजूस सारून कृति लांबणीवर टाकण्याचा अधिकार कोणास मिळत नाहीं. पुतणीनें तें आम्हांस समजावून दिलें आणि विहिरीचा दुसरा तपास समोर ठेवला. हा पावसाळ्यांतला होता. क्लोराइड उतरलें होतें. पण शंभर मिलिलिटरांत एकही असूं नये ते मैल्याचे जंतु त्यांत सांपडले. आमच्या कुंपणापलीकडे चार मजली इमारत झाली आहे आणि तिची शौचटाकी विहिरीपासून फार दूर नाहीं. "मिठाचें ठरायला वेळ लागेल," ती म्हणाली, "याचें आजच ठरवूं या."

त्याप्रमाणें विहिरीचें पाणी पिण्यास व स्वयंपाकास बंद झालें. नळाचें पाणी उकळून, गाळून माठांत भरतात. उकळण्यानें जंतु मरतात, मीठ जात नाहीं, म्हणून नळाचेंच घ्यावें लागलें. विहीर स्नानास, धुण्यास आणि केळीस राहिली. मातोश्रींनीं देवांच्या स्नानास विहिरीचेंच पाणी हवें असा आग्रह धरला. तीर्थाचें काय, असा पेंच पडला तेव्हां त्यांनींच तोड काढली. देवांस स्नान विहिरीच्या पाण्यानें, आणि मग शेवटची संध्येची पळी माठांतल्या पाण्याची. तीर्थ तेवढें त्या पळीचें. महिन्याचें मीठ चार किलोंवरून तीनावर आलें आहे. आमटी अळणी लागते अशी तक्रार पहिले पंधरा दिवस झाली.

प्रबंध अजून पुरा व्हावयाचा आहे. त्यांत काय निघेल हें ती सांगत नाहीं, आणि आम्हीं विचारणें सोडलें आहे. यंत्र मात्र घरीं ठेवून गेली. दूधवाल्याच्या वहीच्या मागल्या पानांवर मातोश्री रोज सकाळीं स्वतःचे, दोन्ही सुनांचे आणि मुलांचे आंकडे मांडतात. बंधूंच्या रकान्यांत अजून आठवड्यास दोनच आंकडे असतात, आणि तेही मातोश्रींनीं हांक मारल्यावर.